बाबांची परीक्षा आहे

आमच्या सोसायटीत रात्री अकरानंतर ज्या खिडक्यांत दिवे दिसतात, त्या दहावी-बारावीच्या मुलांच्या नसतात. ती मुलं केव्हाच झोपलेली असतात, निदान पांघरुणात मोबाइल घेऊन झोपल्याचं सोंग तरी करत असतात. जागे असतात ते त्यांचे वडील. रविवारी रात्री अकरा वाजून एकोणसाठ मिनिटांच्या आत असाइनमेंट द्यायची असते. ऑफिसातला रिपोर्ट जसा ‘सोमवारी सकाळी देतो’ म्हणून बुधवारी देता येतो, तशी सोय इथे नाही, हे त्यांना वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी नव्याने कळलेलं असतं. बाहेरच्या खोलीत आई मुलाला दटावत असते, “टीव्हीचा आवाज कमी कर रे, बाबांची परीक्षा आहे.” ज्या मुलाने जन्मभर हे वाक्य स्वतःच्या नावाने ऐकलं, त्याच्या चेहऱ्यावरचं समाधान अशा वेळी पाहण्यासारखं असतं.

कोणी एमएस्सी डेटा सायन्स करतंय, कोणी एमसीए, कोणी बिझनेस ॲनालिटिक्सचं एमबीए. ‘बी’ विंगमधल्या एका गृहस्थांनी सायबर सिक्युरिटी घेतलंय. सोसायटीच्या वायफायचा पासवर्ड सेक्रेटरींच्या गाडीचा नंबर आहे हे त्यांनीच सर्वसाधारण सभेत जाहीर केलं आणि तेव्हापासून तो सगळ्यांनाच माहीत झाला. लिफ्टमध्ये पूर्वी गुडघेदुखी आणि पाणीकपात हे विषय असत. आता “तुमची तिसरी सेमिस्टर ना?” अशी विचारपूस होते.

एवढं सगळं कशासाठी, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं आहे. त्यात स्कोप आहे. मराठी मध्यमवर्गाची स्कोपवरची श्रद्धा कुलदैवतावरच्या श्रद्धेपेक्षा तसूभर जास्तच भरेल. फक्त हे दैवत दर दहा वर्षांनी देऊळ बदलतं. एके काळी ते टायपिंग इन्स्टिट्यूटच्या माडीवर राहत होतं आणि इंग्रजी चाळीसचं सर्टिफिकेट हा त्याचा प्रसाद होता. मग ते डी.एड. कॉलेजात गेलं, तिथून डीटीपीत, पुढे मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनमध्ये, काही काळ बायोटेक्नॉलॉजीत. मधे एमएस-सीआयटीच्या वर्गात त्याने असा काही जोर धरला की निवृत्तीला आलेले हेडक्लार्क एका बोटाने माउस धरून चित्रातल्या घराला लाल रंग भरत बसले होते. आपण रांग लावून दर्शनाला पोचेपर्यंत दैवत पुढच्या गावी गेलेलं असतं, आणि रांग मात्र तशीच पुढे सरकते.

घरबसल्या शिकण्याचं खूळही इंटरनेटवाल्यांनी काढलेलं नाही. १८४० मध्ये इंग्लंडात एका पेनीत पत्र पोचवणारं टपाल सुरू झालं आणि आयझॅक पिटमन या गृहस्थाने लघुलिपीचे धडे पोस्टाने पाठवायला घेतले. विद्यार्थी बायबलमधला उतारा लघुलिपीत लिहून परत पाठवायचे, पिटमन त्यातल्या चुका काढायचा. त्याच पिटमनवर पुढे आपल्या सरकारी कचेऱ्यांतल्या स्टेनोंच्या पिढ्या पोसल्या गेल्या. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा पदवीचं शिक्षण सुरू केलं, मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालं, डॉ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. पोलीस, कंडक्टर, शाळा अर्धवट सुटलेल्या गृहिणी असे कितीतरी लोक त्यातून पदवीधर झाले. ड्युटी संपवून, स्वयंपाक उरकून शिकले आणि पेढे वाटून मोकळे झाले. आपण ‘लर्निंग जर्नी’वर निघालो आहोत हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून ते बिचारे नुसतेच शिकले.

आता माझ्या मेहुण्याकडे वळतो. कारण या विषयावरचं माझं बरंचसं ज्ञान त्याच्या जिवावर मिळालेलं आहे.

मेहुणा चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात आहे. क्रँकशाफ्ट मोजणं हा त्याचा धंदा. हातात मायक्रोमीटर आणि तोंडात ‘रिजेक्ट’ अशा अवस्थेत त्याची वीस वर्षं गेली. भाजीवाल्याकडची काकडीसुद्धा तो दोन ठिकाणी व्यास बघून घेतो. एके दिवशी कारखान्यात कोणीतरी इलेक्ट्रिक गाडी आणली. मेहुण्याने बॉनेट उघडलं आणि संध्याकाळी तो सरळ आमच्याकडे आला.

“भावोजी, आत इंजिन नाही.”

“इलेक्ट्रिक आहे म्हटल्यावर कसं असेल?”

“तसं नाही. इंजिन नाही म्हणजे क्रँकशाफ्ट नाही. सायलेन्सर नाही, क्लच नाही. माझं आख्खं डिपार्टमेंट नाही त्या गाडीत!”

त्या रात्री त्याने फोनवर काहीतरी शोधलं असावं, कारण दुसऱ्या दिवसापासून त्याला फोन यायला लागले. हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूने २०१२ मध्ये एका लेखाच्या मथळ्यातच डेटा सायंटिस्टची नोकरी ही एकविसाव्या शतकातली सर्वांत ‘सेक्सी’ नोकरी असल्याचं जाहीर केलं होतं. ही बातमी चाकणला पोचायला दहा वर्षं लागली, पण पोचली. ती पोचवणारा मुलगा तेवीस वर्षांचा होता आणि त्याचा हुद्दा ‘सीनियर करिअर मेंटॉर’ असा होता.

“सर, तुमचं प्रोफाइल मी पर्सनली बघितलंय. फक्त दोन सीट राहिल्यात.”

“ऑनलाइन आहे ना? मग सीट कसल्या?”

पलीकडे क्षणभर शांतता. मग, “सर, सर्व्हरवरच्या.”

पैशांचा विषय निघाला की या संभाषणातल्या ‘सर’चा ‘दादा’ होतो. “दादा, महिन्याला एवढेच जातील, बाहेरच्या चहा-वड्यात जातात तेवढे.” हप्ता नको म्हटलं की पुन्हा ‘सर’. तेवढ्यानेही जमलं नाही तर “मॅडमना घ्या ना लाइनवर.” मेहुण्याच्या बायकोला लाइनवर घेणं ही त्या मुलाच्या कारकिर्दीतली मोठी चूक ठरली. तिने एकच विचारलं, “हे केल्यावर पगार किती वाढेल?”

“मॅडम, अप टू दीडशे टक्के!”

“अप टू म्हणजे शून्य धरून ना?”

साड्यांच्या सेलमध्ये ‘अप टू’चं गणित शिकलेल्या बाईला सांख्यिकी वेगळी शिकवावी लागत नाही. तिनेच मग दोन दिवस बसून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची यादी तपासली, विद्यापीठ यादीत आहे, हाच अभ्यासक्रम आहे, याच वर्षाची परवानगी आहे, असं तिन्ही पाहिलं आणि मधल्या दलालाला वगळून थेट विद्यापीठात अर्ज भरायला लावला. ज्याला आपण नवऱ्याच्या करिअरमधला निर्णायक क्षण म्हणतो, तो बहुतेक वेळा बायकोच्या ब्राउझरमध्ये घडलेला असतो.

या यादीचं महत्त्व लोकांना पटत नाही. मान्यताप्राप्त विद्यापीठाची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानली जाईल, असं आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं, आणि त्याचा अर्थ बाजाराने ‘जे जे ऑनलाइन ते ते पदवी’ असा लावला. शेवटी २०२४ मध्ये आयोगाला लोकांना सावध करावं लागलं की ‘दहा दिवसांत एमबीए’ अशी काही वस्तू नाही. दहा दिवसांत आपल्याकडे गणपती येऊन जातो. पण त्यालासुद्धा वर्षभर आधीपासून वर्गणी गोळा करावी लागते.

मेहुण्याने एमएस्सीला हात घालण्याआधी चाचणी म्हणून एनपीटीईएलचा एक कोर्स केला. आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएस्सीतले प्राध्यापक शिकवतात, शिकायला पैसे नाहीत, परीक्षेला बसायचं असेल तर हजार रुपये. बारा आठवड्यांच्या कोर्सला बारा गृहपाठ, त्यांतले उत्तम आठ धरायचे, त्यांना पंचवीस टक्के आणि परीक्षेला पंचाहत्तर. परीक्षा मात्र केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. मेहुणा ओळखपत्र, पाण्याची बाटली आणि डब्यात दोन पोळ्या घेऊन केंद्रावर गेला. दारावरचा माणूस अदबीने म्हणाला, “पालकांनी पलीकडच्या झाडाखाली थांबायचं, काका.” मेहुण्याने हॉलतिकीट दाखवलं. माणसाने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, “मुलगा कुठाय?”

त्या परीक्षेत त्याला एकसष्ट गुण पडले. एनपीटीईएलच्या पद्धतीत साठच्या पुढे गेलं की सर्टिफिकेटवर ‘एलिट’ असं छापून येतं. पंचाहत्तरच्या पुढे चांदी, नव्वदच्या पुढे सोनं. आम्हाला शाळेत एकसष्ट टक्क्यांना घरी पाठीत धपाटा मिळायचा. इथे पदवी मिळाली ‘एलिट’ ही. माझ्या सासूबाईंनी ते सर्टिफिकेट फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी लावलं आहे, आणि आल्यागेल्याला त्या “आमचा मुलगा एलाइट आहे” असं सांगतात. त्यांना वाटतं, तो दिव्यांच्या कंपनीत लागला.

मग २०२२ च्या जुलैत एमएस्सी सुरू झाली, आणि मेहुण्याला धक्के बसायला लागले. पहिला धक्का पायथॉनचा. ओळीच्या सुरुवातीला एक जागा कमी पडली म्हणून सगळा प्रोग्रॅम बंद पडतो, हे त्याला आधी अन्यायाचं वाटलं. पण लवकरच त्याला त्यात गोडी लागली. मायक्रॉनसाठी माल परत पाठवणाऱ्या माणसाला अखेर स्वतःइतकीच खवट भाषा भेटली होती.

दुसरा धक्का व्हिडिओंचा. नोकरी सांभाळून तासांचे तास ऐकणार कधी, म्हणून सगळे दीडपट वेगाने ऐकतात. स्वयंपाकघरातून सासूबाई विचारत, “हे मास्तर एवढ्या घाईत का असतात रे? त्यांची गाडी चुकतेय का?” एकदा त्याच प्राध्यापकांचा लाइव्ह वर्ग झाला आणि ते साध्या माणसाच्या वेगाने बोलले, तर सासूबाईंनी काळजीने चौकशी केली, “आज बरं नाही का त्यांना?”

तिसरा धक्का खरा. ज्या वाढत्या क्षेत्रासाठी एवढा खटाटोप, त्याचं वय त्याला कळलं. पहिल्या सेमिस्टरला बेजचं प्रमेय आलं. ते १७६३ मध्ये छापलं गेलं, म्हणजे पानिपतानंतर दोनच वर्षांनी. मग रेषीय समाश्रयण, म्हणजे रिग्रेशन. त्यातली लघुतम वर्गांची रीत फ्रान्सच्या लजांद्रने १८०५ मध्ये प्रसिद्ध केली, धूमकेतूंच्या कक्षा काढण्यासाठी. तेव्हा पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर होता. मेहुणा म्हणाला, “भावोजी, मी एआय शिकायला गेलो आणि मला पेशवाई शिकवतायत.”

आणि दुसऱ्या सेमिस्टरला तो चमत्कार झाला, ज्यावर माझा अजून विश्वास बसत नाही, पण तो बहुतेकांच्या वाट्याला येत असावा. विषय होता माहितीतले विचित्र, वेगळे पडणारे आकडे हुडकण्याचा. प्राध्यापकांनी सरासरी काढली, तिच्या वर आणि खाली तीन सिग्मांवर रेघा मारल्या आणि रेघेबाहेर पडेल तो आकडा संशयित, असं सांगितलं. मेहुणा खुर्चीतून उठला. हा तर कंट्रोल चार्ट! वॉल्टर शूहार्ट नावाच्या माणसाने १९२४ मध्ये अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत तो पहिल्यांदा काढला, आणि मेहुणा तो चाकणच्या कारखान्यात रोज सकाळी साडेआठला भिंतीवर काढत होता. तेलकट हातांनी, कागदावर, पेन्सिलीने. वीस वर्षं. त्याला ज्या गावी जायचं होतं त्या गावचा निम्मा रस्ता त्याच्या शॉपफ्लोअरवरूनच गेला होता, फक्त तिथे पाटी इंग्रजीत नव्हती.

हे त्याला कोणत्याही मेंटॉरने सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? ‘तुम्हाला निम्मं येतंच आहे’ म्हटल्यावर फी निम्मी करावी लागेल.

घरच्या कॅमेऱ्यासमोर द्यायच्या परीक्षेचं प्रकरण मात्र वेगळंच. खोलीत एकटं बसायचं, नजर पडद्यावरून हलवायची नाही, कोणाशी बोलायचं नाही. टू बीएचकेत असा माणूस आजारी तरी असतो किंवा रुसलेला तरी. पहिल्या पेपरच्या दिवशी सासूबाईंनी कुकर लावला नाही, दूधवाल्याला बेल वाजवू नको म्हणून बजावलं आणि स्वतः दाराबाहेर माळ ओढत बसल्या. पेपर सुरू झाला आणि पाचव्या मिनिटाला पडद्यावर लाल अक्षरं आली, ‘चौकटीत दुसरी व्यक्ती दिसत आहे.’ मेहुण्याने मागे पाहिलं. नजर हलवल्याबद्दल दुसरी ताकीद आली. खोलीत कोणी नव्हतं. होते ते भिंतीवर, चंदनाच्या हारात, त्याचे आजोबा.

यंत्राच्या मते आजोबा त्याला मदत करत होते. आता आमच्या घरात ही गोष्ट कोणी पूर्णपणे खोटी ठरवणार नाही, पण परीक्षेच्या नियमांत ती बसत नव्हती. पुढच्या पेपरला तसबीर उतरवायची ठरलं तर सासूबाई अडून बसल्या, “परीक्षेला जाताना लोक मोठ्यांच्या पाया पडतात आणि तू त्यांना खिळ्यावरून काढतोस?” शेवटी तोडगा निघाला. तसबीर लॅपटॉपच्या मागे, मेहुण्याच्या समोर ठेवली. कॅमेऱ्याला आजोबा दिसत नव्हते आणि आजोबांना मेहुणा दिसत होता. त्या सेमिस्टरला त्याने इकडेतिकडे पाहिलं नाही.

इतक्या बंदोबस्तात हे चालू असताना ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी आलं आणि अभ्यासक्रमात जे दोन वर्षांत शिकवणार होते त्यातलं बरंचसं ते दोन मिनिटांत लिहून द्यायला लागलं. विद्यार्थी त्याच्याकडून असाइनमेंट लिहून घेऊ लागले, आणि विद्यार्थ्यांना दाट संशय आहे की तपासणारेही त्याच्याकडून तपासून घेऊ लागले. दोन यंत्रं एकमेकांना शिकवतायत आणि माणसं क्रिकेट बघायला मोकळी, अशी ही व्यवस्था. यालाही परंपरा आहे म्हणा. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकने २०१४ मध्ये कॉम्प्युटर सायन्सची ऑनलाइन मास्टर्स काढली, जवळपास सात हजार डॉलरांत. तिथले प्राध्यापक अशोक गोयल यांनी २०१६ मध्ये विद्यार्थ्यांच्या शंका सोडवायला ‘जिल वॉटसन’ ही सहायिका नेमली. पोरांना ती पसंत पडली. सेमिस्टर संपताना त्यांना कळलं की जिल हे एक सॉफ्टवेअर होतं. आमच्याकडे उलटा अनुभव आहे. मेहुण्याने ज्याला सॉफ्टवेअर समजून महिनाभर शिव्या दिल्या, तो जळगावचा एक असिस्टंट प्रोफेसर निघाला.

सांगलीची वहिनी हा या विषयातला दुसरा अध्याय. ती पतसंस्थेत अकाउंट्स बघते, जुनी बी.कॉम. आहे आणि तिने २०२४ मध्ये ॲनालिटिक्सचं ऑनलाइन एमबीए घेतलं. तोवर नियम बदलले होते. आता आधी ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा क्रमांक काढायचा, मग त्यावरून डीईबी, म्हणजे आयोगाच्या त्याच दूरशिक्षण विभागाचा, क्रमांक, मग प्रवेश. क्रमांक निघतो तो आधारवरच्या नावाने. वहिनीच्या गुणपत्रिका माहेरच्या नावाने, आधार सासरच्या. शिवाय एका गुणपत्रिकेत आडनाव आधी, दुसरीत शेवटी, आणि तिसरीत वडिलांच्या नावातला एक ‘ए’ कुणीतरी खाल्लेला. लग्न झाल्याचा पुरावा म्हणून तिने विवाहनोंदणीचा दाखला दिला. मग राजपत्र काढलं. “भाऊजी,” ती मला म्हणाली, “संसार वीस वर्षं केला तेव्हा कुणी पुरावा मागितला नाही. ॲनालिटिक्स करायचं म्हटल्यावर सगळ्यांना शंका आली.” घरबसल्या शिक्षणासाठी तिने जितके हेलपाटे घातले तितके तिने कॉलेजात असताना घातले नव्हते.

तिच्या प्रोजेक्टचा विषय कर्जं थकणार कोणाची, हे आधीच ओळखण्याचा. तिने पतसंस्थेची दहा वर्षांची खाती घेतली, साफ केली, मॉडेल बसवलं. साफ करण्यातच वेळ गेला, कारण एकाच कर्जदाराचं गाव चार प्रकारे लिहिलेलं. अखेर मॉडेलने नावं काढली. तिने ती उत्साहाने दाखवली तेव्हा चहा घेऊन आलेल्या शिपायाने यादीवर नजर टाकली आणि म्हणाला, “यातली सगळी मला तोंडपाठ आहेत, मॅडम.” खरोखरच होती. फक्त एक नाव त्याने कधी कोणाला सांगितलं नव्हतं, संचालकांच्या भाच्याचं. मॉडेलने तेही बिनदिक्कत वर काढलं होतं. “हेपण माहीत होतं का?” वहिनीने विचारलं. शिपाई ट्रे उचलून म्हणाला, “माहीत सगळंच असतं. पण मला नोकरी करायचीय.”

मशीन लर्निंगचा माणसापेक्षा नेमका फायदा कोणता, यावर मी अनेक जाडजूड व्याख्यानं ऐकली आहेत. इतकं स्वच्छ उत्तर कोणी दिलं नव्हतं.

सगळंच ऑनलाइन होत नाही, हेही सांगायला हवं. वैद्यकी, इंजिनिअरिंग, वकिली, शेती यांच्या पदव्यांना तो रस्ता बंद आहे. आमच्या तळमजल्यावरच्या काकूंना समुपदेशक व्हायचं होतं, त्यांनी मानसशास्त्राचं एम.ए. शोधून ठेवलं, आणि २०२५ च्या जुलै सत्रापासून आयोगाने मानसशास्त्र आणि आहारशास्त्रासारखे आरोग्याशी निगडित अभ्यासक्रम ऑनलाइन आणि दूरशिक्षणातून थांबवले. मला विचाराल तर योग्य केलं. माणसाचं मन दीडपट वेगाने ऐकून समजत नाही. काकूंनी मनाला लावून घेतलेलं नाही. संध्याकाळी पार्किंगजवळच्या बाकावर त्यांचं समुपदेशन पदवीशिवाय पूर्वीसारखंच सुरू आहे, आणि गिऱ्हाईक भरपूर आहे.

फुकट कोर्स सुरू करणाऱ्या शंभरांतले दहासुद्धा शेवटपर्यंत पोचत नाहीत, असं जगभर दिसून आलं आहे. मेहुणा पोचला. त्याचं श्रेय जिद्दीला द्यायला मी तयार होतो, पण त्याच्या बायकोने फ्रिजवर हप्त्याच्या तारखांचा कागद लावला होता. पाणी प्यायला गेलं तरी तो दिसायचा. २०२४ मध्ये तो एमएस्सी झाला आणि नोकरी शोधायला लागला.

इथे जाहिरातीतला भाग संपतो. फ्रेशरच्या जागेला त्याचा अनुभव फार होता आणि अनुभवी माणसाच्या जागेला अनुभव शून्य होता. लिंक्डइनवर त्याने स्वतःला ‘ॲस्पायरिंग डेटा सायंटिस्ट’ असं लावून घेतलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी माणूस ‘होऊ घातलेला’ काहीतरी असतो ही कल्पनाच मला तरतरी आणणारी वाटली. त्याच्याहून बराच लहान मुलाखतकार एकदा त्याला म्हणाला, “पाच वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कुठे बघता?” मेहुणा प्रामाणिक आहे. तो म्हणाला, “मुलीच्या लग्नाच्या हॉलवर.”

शेवटी त्याला नोकरी लागली, ती त्याच्याच कारखान्यात. कंपनीने इलेक्ट्रिक मोटरचे शाफ्ट करायला घेतले होते. नव्या मशीनवर कंपनं मोजणारे सेन्सर बसले होते, त्यांचे आकडे बाहेरच्या सल्लागारांकडे जात आणि तिथून रंगीत तक्ते येत. मेहुण्याने एक दिवस ते तक्ते पाहिले आणि सांगितलं, “हा बेअरिंगचा दोष नाही. शेजारची प्रेस चालू झाली की फरशी हलते. दुपारी जेवणाच्या सुट्टीतले आकडे बघा, सगळं सरळ आहे.” सल्लागारांना कारखान्याला जेवणाची सुट्टी असते हे माहीतच नव्हतं. आता मेहुणा तिथेच ते काम बघतो. पगार वाढला, दीडशे टक्के नाही, पण शून्यही नाही. बायकोने हिशेब करून ‘अप टू’मध्ये बसतंय असं सांगितलं आहे.

तेव्हा रात्री अकरानंतर ज्यांच्या खिडकीत दिवा आहे, त्यांना माझं सांगणं एवढंच. साहेबावरच्या रागात प्रवेश घेऊ नका. राग अप्रेझलपर्यंत टिकतो, हप्ता त्यापुढे चालू राहतो. स्वतःचा जुना धंदा गॅलरीतून फेकून द्यायची घाई करू नका. पैसे भरण्याआधी आयोगाच्या यादीत विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि वर्ष, तिन्ही बघा, स्वतःला कंटाळा येत असेल तर घरात ज्यांना ‘अप टू’ कळतं त्यांना बघायला सांगा. आणि ‘आज रात्री बारापर्यंतच सवलत आहे, सर’ असा फोन आला तर बिनघोर झोपा. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सवलत वाढलेली असते.